एफ-१५० श्टुटगार्टला न्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षं मिशिगनमध्ये काढून पुढच्या वर्षी नोकरीसाठी श्टुटगार्टजवळ बिऱ्हाड हलवायचं आहे. दारात २०२१ ची फोर्ड एफ-१५० पिकअप उभी आहे, चार दारांची, साडेपाच फुटी हौद्याची, ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिनाची, फोर बाय फोर. तीन वर्षांपूर्वी घेतलेली. ती सोबत न्यावी आणि ऑफिस, शाळा, बाजार सगळं तिच्यावरच करावं, की ती विकून जर्मनीत गेल्यावर अमेरिकेतून नवी मागवावी?

‘नेता येते का’ याचं उत्तर एका शब्दात ‘येते’. बाल्टिमोर किंवा न्यूअर्कहून ब्रेमरहाफेन, अँटवर्पला गाड्यांची जहाजं नेहमी जातात. अडतं ते दोन ठिकाणी. संध्याकाळी सहा वाजता गाडी उभी कुठे करणार, आणि जर्मन कागदावर ती काय म्हणून लागणार? आपल्याकडे पिकअप म्हटलं की मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उतरवणारी बोलेरो आठवते, तुमच्याकडे ती घरची गाडी आहे. जर्मन कायद्यालाही हाच पेच पडतो, माणसांची गाडी की मालाची? पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर दुसऱ्यात डोकं घालू नका, म्हणून आधी टेप काढा.

तुमची गाडी लांबीला ५.८९ मीटर, रुंदीला २.०३ मीटर आणि आरसे उघडे धरले तर २.४३ मीटर. उंची साधारण १.९६ मीटर. जर्मनीतली पार्किंगची जागा सहसा ५ मीटर लांब आणि २.३० ते २.५० मीटर रुंद असते. म्हणजे सुपरमार्केटच्या आवारात नाक किंवा शेपूट जवळजवळ एक मीटर बाहेर, आणि शेजारी कार असेल तर दार उघडून उतरायची कसरत. तळघरातल्या पार्किंगवर २.०० किंवा २.१० मीटरचा फलक असतो. १.९६ ची गाडी कागदावर त्यात बसते, पण ३.६९ मीटरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) उताराच्या टोकावर चढतो तेव्हा टप वर जातं आणि स्प्रिंकलरच्या पाइपला लागू शकतं. जास्त उंचीचे टायर किंवा लिफ्ट किट बसवलं असेल तर तळघर विसराच. इमारतीत एकावर एक गाड्या ठेवायची यांत्रिक पार्किंग असेल तर ती जागा तुमच्यासाठी नाही असंच धरा.

रस्त्यावरची अडचण हायवेच्या दुरुस्तीच्या टप्प्यात येते. तिथे डावी लेन अरुंद करून २.१ किंवा २.२ मीटरचा फलक लावतात, आणि हा आकडा आरशांसकट मोजतात. तुमची २.४३. म्हणजे त्या पूर्ण टप्प्यात तुम्ही उजव्या लेनमध्ये, ट्रकांच्या मागे. रोजच्या वाटेवर असं काम चालू असेल तर ते दोन-दोन वर्षं चालतं, हे मनात धरा.

म्हणून माझ्याकडे असं प्रकरण आलं की कस्टम्सच्या आधी तीन मापं मागतो: नव्या घराच्या पार्किंगची लांबी-रुंदी, ऑफिसच्या पार्किंगची उंची, आणि मुलांच्या शाळेसमोरच्या रस्त्याची रुंदी. घर अजून ठरलं नसेल तर उत्तमच, घरमालकाला पहिल्या ईमेलमध्येच विचारा. गावाबाहेर अंगण असलेलं घर मिळालं तर गाडी ठेवणं सोपं. श्टुटगार्ट शहरातला फ्लॅट असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ही गाडी मिशिगनमध्येच विका.

जागा मिळते असं धरून पुढे जाऊ. तुमच्या हातात एक हुकमाचा पत्ता आहे. युरोपियन संघाबाहेर सलग किमान १२ महिने राहून तुम्ही तिकडे राहायला जात असाल, आणि गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची व वापरातली असेल, तर घरसामानाबरोबर ती कस्टम ड्यूटी आणि आयातीवरचा १९% कर न भरता आणता येते. आयात राहायला गेल्यापासून १२ महिन्यांच्या आत व्हावी लागते. नंतरचे १२ महिने ती विकता, भाड्याने देता किंवा उसनीही देता येत नाही. दिलीत तर माफ झालेला कर भरावा लागतो. लीजवरची गाडी या सवलतीत सहसा बसत नाही, मालकीचा कागद तुमच्या नावाचा हवा. पुरावा म्हणून टायटल (हाच मालकीचा कागद), मिशिगनची नोंदणी, विम्याच्या पावत्या, घराचा भाडेकरार, जर्मनीतला नोकरीचा करार आणि तिथली राहण्याची नोंद तयार ठेवा. सवलत किती मोठी आहे? गाडीची किंमत जहाजभाड्यासकट ३२,००० युरो धरली तर १०% ड्यूटी ३,२०० आणि त्यावर १९% म्हणजे ६,६८८, एकूण ९,८८८ युरो वाचतात.

नवी मागवणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. उलट तिथे हौद्याची लांबी मोजायची वेळ येते. युरोपच्या कस्टम्समध्ये माणसांच्या गाडीला १०% ड्यूटी, तर मोठ्या इंजिनाच्या मालवाहू गाडीला २२%. २,८०० सीसीच्या वरचं पेट्रोल आणि २,५०० सीसीच्या वरचं डिझेल या २२% मध्ये येतं. पिकअप कोणत्या बाजूला पडणार यासाठी नियम असा: हौद्याची आतली लांबी, तळाशी मोजलेली, व्हीलबेसच्या ५०% पेक्षा जास्त असेल तर ती मालवाहू. तुमचा साडेपाच फुटी हौदा १७०.४ सेंमी, व्हीलबेस ३६९ सेंमी, प्रमाण ४६%. निर्धास्त. पण त्याच चार दारांच्या केबिनला साडेसहा फुटी हौदा घेतला तर हौदा २००.४ सेंमी आणि व्हीलबेस ३९९.३ सेंमी. अर्ध्याच्या वर, तेही एक सेंटिमीटरसुद्धा नाही! रॅम १५०० या दुसऱ्या अमेरिकन पिकअपच्या लांब हौद्याचं उलटं होतं, १९३.८ सेंमी आणि व्हीलबेस ३९० च्या आसपास, म्हणजे अर्ध्याच्या जेमतेम खाली. जहाजभाड्यासकट ६०,००० युरोच्या गाडीवर १०% दराने सगळे कर धरून ७८,५४० होतात, २२% दराने ८७,१०८. साडेआठ हजार युरो त्या सेंटिमीटरवर. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातल्या गोल आकड्यांवर विसंबू नका, तळाशी टेप लावलेला फोटो मागवा. ऑगस्ट २०२५ मध्ये युरोपियन संघ आणि अमेरिकेने औद्योगिक मालावरच्या ड्यूटीबद्दल संयुक्त निवेदन काढलेलं असल्याने दर बदलू शकतात. गाडी जहाजात चढायच्या आठवड्यातला दर युरोपच्या दरसूचीत बघूनच हिशेब करा.

नव्या गाडीची दुसरी अडचण पैशांपेक्षा चिवट आहे. ७ जुलै २०२४ पासून युरोपात नव्याने नोंदल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा, आपोआप लागणारा ब्रेक, चालकाची डुलकी ओळखणारी सूचना अशा गोष्टी युरोपच्या नियमांप्रमाणे लागतात. अमेरिकन बाजारासाठी बनलेली गाडी हे कसं सिद्ध करणार, याचा मार्ग धंदेवाईक आयातदारांनी शोधलेला असतो. एकट्या माणसाने त्यात पडू नये. नवीच हवी असेल तर युरोपात आधीच पासिंग झालेली, आयातदाराकडची घ्या. तुमची २०२१ ची गाडी मात्र पहिल्या नोंदणीच्या तारखेच्या नियमांवर पाहिली जाते. तिचं जुनेपण तुमच्या फायद्याचं आहे.

आता कागदावरची जात. कस्टम्सने माणसांची गाडी म्हटलं म्हणून नोंदणी कार्यालयही तसंच म्हणेल असं नाही, दोन्हींचे नियम वेगळे आहेत. नोंदणीत हिशेब वजनाचा असतो. गाडीचं कमाल एकूण वजन घ्या, त्यातून चालकासकट तयार गाडीचं वजन आणि प्रत्येक प्रवासी सीटमागे ६८ किलो वजा करा. उरलेली माल वाहायची क्षमता प्रवाशांच्या एकूण वजनापेक्षा जास्त असेल तर पिकअप मालवाहू वर्गात बसू शकते. तुमच्या दारावरच्या स्टिकरवर कमाल वजन ७,०५० पौंड असेल तर ते ३,१९८ किलो. तयार गाडी २,३५० धरू, चार प्रवासी २७२. उरतात ५७६, २७२ च्या दुपटीहून जास्त. मालवाहू म्हणून बसते.

मग काय म्हणून नोंदवावी? मालवाहूला जर्मनीत रोड टॅक्स वजनावर असतो, ३,१९८ किलोला वर्षाला १८५ युरो. कारला इंजिन आणि कार्बन डायऑक्साइडवर. तुमच्या गाडीचा २० मैल प्रति गॅलन हा शहर-हायवे मिळून आकडा किलोमीटरला सुमारे २७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. पेट्रोलला दर १०० सीसीमागे २ युरो, म्हणजे ७०. आणि ९५ ग्रॅमच्या वरच्या टप्प्यांचे ५८४. मिळून ६५४ युरो. आकडा बघून सगळे मालवाहूकडे धावतात. थांबा. मालवाहूचा खासगी वापराचा विमा देणाऱ्या कंपन्या कमी आहेत आणि वाचलेले साडेचारशे युरो विम्यात परत जाऊ शकतात. शिवाय तुमच्यासारख्या एकेकटी तपासून मंजूर झालेल्या गाडीला कागदावर मॉडेल ओळखणाऱ्या टाइप-कोडच्या जागी शून्यं येतात, त्यामुळे विम्याची ऑनलाइन गणकयंत्रं ती गाडी ओळखतच नाहीत. दोन्ही वर्गांचे लेखी दर एजंटकडून घ्या, मग तपासनिसाला सांगा.

हे सगळं जर्मनीपुरतं आहे. फ्रान्समध्ये बदली झाली असती तर मी पहिल्याच ओळीत नको म्हटलं असतं: तिथे पाच सीटांची पिकअपही प्रदूषण-दंडात येते आणि २०२५ मध्ये त्याची कमाल मर्यादा ७०,००० युरो होती.

पासिंगकडे वळू. जर्मनीत ट्यूफ किंवा डेक्रा या तपासणी संस्थांचा अधिकृत तपासनीस गाडीची पूर्ण तपासणी करून वैयक्तिक मंजुरीचा अहवाल देतो, त्यावर नोंदणी होते. सगळ्यात जास्त गाड्या अडतात त्या दिव्यांवर, म्हणून हे नीट वाचा.

अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो, ब्रेकचा दिवाच लुकलुकतो. युरोपात तो पिवळाच हवा आणि ब्रेकपासून वेगळा. तुमच्या गाडीत वरच्या ट्रिमचे एलईडी टेल लॅम्प असतील तर त्यांच्याच आत ब्लाइंड स्पॉटचं रडार बसवलेलं असतं. कुणी ‘उघडून पिवळा दिवा टाकून देतो’ म्हटलं तर नको म्हणा. एकदा सील तुटलं की पाणी शिरतं, रडार जातं, आणि तो दिवा भयंकर महाग आहे. माझी पसंती वेगळे, ई-खूण (युरोपच्या मंजुरीची खूण) असलेले पिवळे दिवे बंपरमध्ये बसवण्याला. जमिनीपासून किमान ३५ सेंमी उंच, दोघांत किमान ६० सेंमी अंतर, आणि गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४० सेंमीच्या आत. वायरिंगवाल्याला ब्रेक आणि इंडिकेटरचे सिग्नल वेगळे करणारा मॉड्यूल टाकावा लागतो. लुकलुकण्याचा वेग मिनिटाला ६० ते १२० च्या मध्ये हवा. एलईडीचा भार कमी पडला की गाडीला बल्ब गेला असं वाटतं, ती दुप्पट वेगाने लुकलुकते आणि तपासनीस परत पाठवतो.

पुढे अमेरिकन पार्किंग दिवे पिवळे आणि कायम पेटते असतात, युरोपात पुढचे पार्किंग दिवे पांढरे लागतात. मागे लाल फॉग लॅम्प सक्तीचा. एकच असेल तर डावीकडे किंवा मधोमध, ब्रेकच्या दिव्यापासून १० सेंमीहून दूर, आणि डॅशबोर्डवर त्याची पेटती खूण. बाजूचा इंडिकेटर आरशात नसेल तर फेंडरवर लावा.

हेडलाइट सगळ्यात खर्चिक. अमेरिकन लो बीमचा झोत युरोपच्या नियमात बसत नाही आणि काचेवर ई-खूण नसते. पर्याय दोन: ई-खूण असलेला संच, किंवा तुमच्या दिव्यांवर तज्ज्ञाचा प्रकाश-अहवाल. कोणता चालेल ते तपासनिसालाच विचारा, दिवे विकणाऱ्याला विचारू नका. सोबत झोत वर-खाली करायची सोय लागते. २,००० ल्युमेनच्या वरचे दिवे असतील तर ती आपोआप चालणारी हवी, शिवाय हेडलाइट धुणारा फवारा. मूळ गाडीत तो नसतो, म्हणून ल्युमेनचा आकडा आधी बघा.

दिव्यांनंतर काच. पुढच्या दोन दारांच्या काचांवर काळी फिल्म लावली असेल तर मिशिगनमध्येच उतरवा. टायर: हिवाळ्यात पर्वत-हिमकणाची खूण असलेलेच चालतात, १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) पुरत नाही. तुमचे ऑल-टेरेन टायर बाजूने बघा, बऱ्याच अमेरिकन टायरांवर एवढंच असतं. नंबर प्लेटसाठी मागच्या बंपरातली जागा अमेरिकन मापाची, ३०५ बाय १५२ मिमी. जर्मन दोन ओळींची प्लेट २०० मिमी उंच, म्हणून वेगळी पट्टी आणि तिच्यावर प्रकाश पडेल असा दिवा. बॉनेटखालचं उत्सर्जनाचं स्टिकर कुणालाही काढू देऊ नका. धूर किती याचा तपासनिसाकडे तोच पहिला पुरावा असतो.

क्रम महत्त्वाचा आहे. गाडी मिशिगनमध्ये असतानाच चॅसी नंबर, दारावरचं स्टिकर, उत्सर्जनाचं स्टिकर, चारही बाजूंचे दिवे आणि टायरांचे फोटो जर्मनीतल्या तपासनिसाला पाठवून त्याची यादी लेखी मागवा. मगच जहाजाची जागा घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं परवानगीपत्र लागतं. वापरलेली गाडी निर्यात करताना मूळ टायटल अमेरिकन कस्टम्सला किमान ७२ तास आधी द्यावं लागतं. ते हरवलं असेल तर डुप्लिकेट आताच काढा. बाकी असलेले रिकॉल (कंपनीने फुकट करून द्यायच्या दुरुस्त्या) निघायच्या आधी डीलरकडे करून घ्या, जर्मनीत ते करणारा शोधणं ही वेगळी वणवण आहे. रो-रो जहाजात (गाडी चालवतच आत चढवतात ते) गाडीत घरसामान ठेवू देत नाहीत, मिक्सरचं खोकं सीटवर टाकून मोकळं होता येणार नाही. तिकडच्या कस्टम्सकडून मोकळीकपत्र घेतल्याशिवाय नोंदणी होत नाही. बंदरातून गॅरेजपर्यंत गाडी ट्रेलरवर न्या. दिवे, वायरिंग, टायर, तपासणी यांसाठी तीन ते पाच हजार युरो बाजूला ठेवा, हेडलाइट बदलावे लागले तर वरच्या टोकाला.

रोजचा खर्च मुख्यतः पेट्रोलचा. १०० किमीला १२ ते १३ लिटर धरा, वर्षाला १५,००० किमीला १,८०० ते १,९५० लिटर. अमेरिकेतलं ८७ ऑक्टेन आकड्याचं पेट्रोल युरोपच्या मोजणीत ९१ च्या आसपास येतं, तिथलं साधं ९५ तुमच्या इंजिनाला पुरून उरतं. गॅस किट बसवून पैसे वाचवायचा सल्ला मिळेल. तो जुन्या पद्धतीच्या व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) इंजिनाला बरा. इकोबूस्टमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्येही जातं, तिथे किट महाग आणि कटकटीचं होतं. टाकीही स्टेपनीच्या जागी जाते.

बाकी किरकोळ, पण रोज खुपणारं. एफएम अमेरिकेत ८८.१, ८८.३ अशा विषम दशांशांवरच चालतं, त्यामुळे जर्मन स्टेशनांपैकी अर्धी नीट लागणार नाहीत, डॅब हा युरोपचा डिजिटल रेडिओ तर नाहीच. टायरमधले हवेचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झचे, युरोपात ४३३ चालतं. टायरवाल्याने युरोपचा सेन्सर टाकला की डॅशबोर्डवर दिवा कायमचा पेटतो, म्हणून जोडीचे सेन्सर सोबत न्या. ट्रेलर ओढायचा असेल तर अमेरिकन सात पिनांचं सॉकेट उपयोगाचं नाही, १३ पिनांचं आणि ५० मिमीचा ई-खुणेचा बॉल लागतो. २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी अॅल्युमिनियमची आहे, पोचा काढायला तशी सोय असलेलंच गॅरेज हवं. फिल्टर, ब्रेक पॅड सहज मिळतात. पुढची काच आणि बॉडीचे भाग मागवावे लागतात, तोवर गाडी उभी. घरात ती एकमेव गाडी असेल तर हे दिवस हिशेबात धरा.

मिशिगनचं लायसन्स जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिने चालतं, आणि मिशिगन अशा राज्यांत आहे की परीक्षा न देता ते बदलून मिळतं. मिळतो तो बी वर्ग, कमाल ३,५०० किलोचा. एफ-१५० त्यात बसते. पण कुणी ‘त्याच पैशांत रॅम २५०० घे’ म्हटलं तर त्याच्या दारावरचं स्टिकर आधी वाचा. १०,००० पौंड म्हणजे ४,५३६ किलो, आणि त्यासाठी ट्रकचं लायसन्स लागतं.